अत्तरकाका आणि टेकडीवरचं पाणी

आमच्या आरोग्य खात्याच्या कचेरीत सगळ्यांत खरं बोलणारी गोष्ट म्हणजे गटार. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. टोमणे पुढे भरपूर येणार आहेत, पण हा त्यांतला नव्हे.

साथीचं पाचवं वर्ष लागलं तोवर लोकांनी चाचण्या करून घेणं सोडून दिलं होतं. नाक गळलं तर हवा बदललीय, अंग मोडून आलं तर जागरण झालंय, आणि घरातले चौघेही एकदम आडवे झाले तर बाहेरचं काहीतरी खाण्यात आलंय, अशी निदानं घरच्या घरी व्हायची. खात्यानेही चाचण्यांचे तंबू गुंडाळले, कारण आकडे आले की उत्तरं द्यावी लागतात. साथ संपल्याचं पत्रक मीच टाइप केलं होतं. फक्त त्याची एक प्रत विषाणूला पाठवायची राहिली. तो आपला रूपं बदलत राहिला. दर पाच-सहा महिन्यांनी मोटारीच्या नंबरप्लेटसारखं नाव घेऊन एक नवा व्हेरिएंट यायचा आणि कानामागून येऊन तिखट व्हायचा.

मग वरच्या कुणा शहाण्याच्या लक्षात आलं की माणूस चाचणी चुकवू शकतो, संडास चुकवू शकत नाही. आजारी माणसाच्या पोटातून विषाणूचे तुकडे सांडपाण्यात उतरतात. ते पाणी प्रयोगशाळेत तपासलं तर कोणता नवा प्रकार शहरात शिरलाय हे दवाखाने भरायच्या आठ-दहा दिवस आधी कळतं. योजना सगळ्यांना आवडली. आता गटारातून पाणी काढायचं कुणी, एवढाच प्रश्न होता. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं, आणि शेवटी मलनिस्सारण विभागातून एक माणूस उसना आणायचं ठरलं.

तो माणूस पहिल्या दिवशी बर्फाची पेटी घेऊन आला आणि त्याने ती स्वागतकक्षातल्या टेबलावर ठेवली. तिथल्या बाईंनी रुमाल नाकाला लावून विचारलं, काय अत्तर आणलंय का. झालं, तेव्हापासून ते अत्तरकाका. त्यांना राग आला नाही. एकोणतीस वर्षं ‘ए’ म्हणून हाक ऐकली, त्यापेक्षा हे बरं, असं ते मला नंतर म्हणाले. वय चौपन्न, अंगाने काटकुळे, शर्टाला मात्र कडक इस्त्री. कचेरीत ते कधी खुर्चीवर बसले नाहीत आणि कुणी बसा म्हटलंही नाही.

त्यांचं काम मी पाहिलंय, कारण प्रत्येक नमुन्याचा फोटो काढून अहवालाला जोडायचा हुकूम होता आणि फोन माझ्याकडे होता. दर मंगळवारी सकाळी सातला, म्हणजे शहर मोकळं होण्याच्या वेळी, ते दोन लोखंडी आकडे लावून गटाराचं झाकण उचलायचे. मग दहा मिनिटं नुसते बाजूला उभे. आतला वायू निघून जायला हवा, नाहीतर वाकणारा माणूस परत सरळ होत नाही. नंतर दोरीला बांधलेला स्टीलचा डबा खाली सोडायचा, तीन वेळा त्याच पाण्याने विसळायचा आणि चौथ्यांदा भरून बाटलीत ओतायचा. झाकण, टेप, लेबल, बर्फ. हातांत मोज्यांच्या दोन जोड्या, तोंडावर मास्क. आमच्या कचेरीत एवढ्या काळजीने केलेलं दुसरं कुठलंही काम मला आठवत नाही, माझं तर नाहीच नाही.

रस्त्यांची नावं त्यांना फारशी येत नसत. त्यांना उतार यायचे. मी कुठे राहतो ते सांगितल्यावर ते म्हणाले, हां, म्हणजे तुमचं पाणी शाळेमागून वळसा घालून जातं, तिथे दर दोन वर्षांनी तुंबतं. मी त्या घरात अकरा वर्षं राहतो, पण माझं पाणी कुठे जातं हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता.

नमुने झाले की ते टेकडीवर जायचे, आणि पुढे पुढे मीही त्यांच्याबरोबर. टेकडीवर बंगले, क्लब, आणि टोकाला एक वृद्धाश्रम. तिथे त्यांची ताई स्वयंपाकीण होती. आई गेली तेव्हा काका दोन वर्षांचे होते आणि ताई चौदा वर्षांची. तिनेच त्यांना वाढवलं आणि या भानगडीत तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. आता ती सहासष्टची होती, एकतीस म्हाताऱ्यांना दोन वेळा रांधून घालायची आणि स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहायची. त्यांतले निम्मे तिच्याहून लहान होते, पण ती त्यांना म्हातारे म्हणायची आणि स्वतःला म्हणायची नाही.

तिचा एकच कायदा होता. काका मागच्या दाराशी आले की आतून आवाज यायचा, “आधी आंघोळ.” पावलांचा आवाज व्हायच्या आधी तिला वासाने कळायचं. दाराबाहेर नळ, आडोसा, आणि वाटीत पिवळ्या साबणाची वडी, ती दर मंगळवारी आठवणीने काढून ठेवलेली. एकदा काकांनी नुसते हातपाय धुऊन आत यायचा प्रयत्न केला, तर ओगराळं घेऊन तिने त्यांना परत पिटाळलं. चौपन्न वर्षांचा माणूस कान पकडून परत नळाखाली गेला. मग आम्ही जेवायचो. तिच्या नाकाची आश्रमात दहशत होती. दूध उतू जायच्या आधी, डाळ लागायच्या आधी ती दोन खोल्यांपलीकडून ओरडायची.

त्या वर्षी हवा बदलत असताना नवा व्हेरिएंट आला. शहरातल्या सहा जागांच्या आमच्या सहा बाटल्यांपैकी पाच निवांत होत्या. सहावीत विषाणूच्या शंभर तुकड्यांत त्याचे पहिल्या मंगळवारी चार होते, दुसऱ्या मंगळवारी एकोणीस, तिसऱ्या मंगळवारी एकसष्ट. शेजारच्या शहरातून माहिती आलीच होती. धडधाकट माणसाला तो चार दिवस लोळवतो आणि सोडून देतो. पण जुन्या लशीची ओळख तो चुकवतो, त्यामुळे ज्यांचा शेवटचा डोस होऊन वर्ष उलटलंय असे म्हातारे थेट ऑक्सिजनवर जातायत. नव्या लशीचे चारशे डोस आमच्याकडे होते आणि एक गाडी होती. गाडी कुठे पाठवायची, एवढंच ठरवायचं होतं. दोन आठवड्यांच्या आत जिथे डोस पडतील तिथली म्हातारी माणसं वाचतील, इतकं ते सरळ होतं.

साहेबांनी नकाशावर लाल टाचणी लावली. सहावी बाटली ज्या गटारातून भरायची, त्याचं झाकण होतं टेकडीच्या पायथ्याच्या वस्तीत. दोन वर्षांपूर्वी ही जागा त्यांनीच निवडली होती, कारण तिथे गाडी लावायला सावली होती. वस्तीचं नाव निघताच बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या, जणू विषाणूनेही त्यांचं मत विचारूनच घर शोधलं होतं. संध्याकाळपर्यंत वस्तीच्या तोंडाशी अडथळे लागले आणि लशीची गाडी तिथे जाऊन उभी राहिली, डोस मात्र चाचण्या झाल्यावर द्यायचे होते. ‘संसर्गग्रस्त क्षेत्र’ अशी पाटी लागली, तीही मीच टाइप केलेली. टेकडीवरच्या बंगल्यांत कामाला जाणाऱ्या बायकांना फाटकातूनच परत पाठवण्यात आलं. परदेशात सुट्टी घालवून आलेली मंडळी क्लबात एकमेकांना सांगत होती की या लोकांना स्वच्छतेची जाणच नाही, आणि सांगता सांगता शिंकत होती.

वस्तीत दोनशे जणांची चाचणी झाली. दोघे निघाले. साहेबांनी निष्कर्ष काढला की लोक आजार लपवतायत. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर निदान उंटावर चढावं लागतं. आमचे साहेब ते फिरत्या खुर्चीतून करायचे.

त्या दिवशी अत्तरकाका माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. मास्क हातात, चेहरा पडलेला. म्हणाले, “ते पाणी वस्तीचं नाहीये.”

मी म्हटलं, झाकण तर वस्तीत आहे.

“झाकण वस्तीत आहे. पाणी टेकडीचं आहे. वस्तीची लाइन पलीकडून जाते आणि पुढे पंपाजवळ मिळते. या झाकणाखालून नुसतं वरचं जातं. बंगल्यांचं, क्लबचं आणि ताईच्या आश्रमाचं.”

मला हे समजायला थोडा वेळ लागला. दोन वर्षं टेकडीचा प्रत्येक आजार आम्ही वस्तीच्या नावावर चढवत होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं, पण इथे आम्ही दर मंगळवारी फोटोसकट फाशी देत होतो. आणि आता गाडी चुकीच्या जागी उभी होती. वर आश्रमात एकतीस म्हातारे, त्यांना रांधून घालणारी ताई, आणि तिच्या शेवटच्या डोसाला झाली होती दोन वर्षं.

मी त्यांना घेऊन साहेबांकडे गेलो. साहेबांनी जुने नकाशे मागवले. जुने नकाशे जुन्या इमारतीत होते आणि जुनी इमारत पाडून झाली होती. मग साहेब म्हणाले की एका कर्मचाऱ्याच्या सांगण्यावरून धोरण बदलता येत नाही, आणि पंखा वाढवला.

तेव्हा काकांनी आपल्या पिशवीतून दोन पुड्या काढून मला दाखवल्या. गळती शोधायला त्यांच्या विभागात रंगाची पूड वापरतात, एक हिरवी, एक लाल. चमचाभर टाकली की मैलभर पाणी रंगतं. म्हणाले, वस्तीत लाल टाकू आणि वर हिरवी, झाकणाखाली काय येतं ते साहेबांनी डोळ्यांनी बघावं. साहेबांना झाकणापाशी आणायचं काम माझ्याकडे आलं. मी त्यांना सांगितलं की अभिनव तंत्राचं प्रात्यक्षिक आहे आणि वर्तमानपत्राचा फोटोग्राफर येणार आहे. साहेब साडेसहालाच हजर झाले, केस विंचरून.

आधी वस्तीच्या सार्वजनिक संडासात लाल पूड टाकली. एक तास थांबलो. झाकणाखालून नेहमीचंच पाणी वाहत राहिलं. मग काकांनी ताईला फोन केला आणि सांगितलं, टाक. तिने काकांनी आदल्या दिवशी दिलेली हिरवी पूड आश्रमाच्या संडासात टाकून पाणी सोडलं. काका म्हणाले, अर्धा तास, मिनिट-दोन मिनिटं इकडेतिकडे. आम्ही गोल करून उभे राहिलो. अठ्ठाविसाव्या मिनिटाला अंधारातून हिरवंगार पाणी आलं आणि वाहतच राहिलं. फोटोग्राफर म्हणाला, साहेब, जरा वाकून बघा. वर आश्रमात एक आजोबा त्यानंतर संडासात गेले, खाली पाहिलं, आणि मृत्युपत्रासाठी वकील बोलवा म्हणून आरडाओरडा करत बाहेर आले, हे ताईने नंतर हसून हसून सांगितलं.

साहेबांनी विचारलं, “हे तुम्ही दोन वर्षं का सांगितलं नाही?”

“कुणी विचारलं नाही,” काका म्हणाले. “आणि बैठकीत मला बसवत नाहीत. वास येतो म्हणून.”

त्यावर साहेब फोटोग्राफरकडे वळले.

यानंतर सगळं भराभर झालं, म्हणजे आमच्या मानाने. टेकडीला अडथळे लागले नाहीत. टेकडीला जाड कागदावर विनंतीपत्र गेलं, त्यात ‘आपल्या बहुमोल सहकार्याची अपेक्षा’ होती. वस्तीतले अडथळे काढायचा हुकूम निघायला आणखी सहा दिवस गेले, कारण लावण्याचा हुकूम ज्या फाइलीत होता ती सापडत नव्हती. पण गाडी वर गेली. चारशे डोस, वृद्धाश्रम पहिला.

आश्रमाच्या व्यवस्थापकांनी यादी पाठवली, दोन पानांची. पहिल्या पानावर एकतीस आश्रमवासी. दुसऱ्या पानावर कर्मचारी, नऊ जण. साहेबांना एका पानाचे कागद आवडतात. दुसरं पान दिसलं की ते सही पुढे ढकलतात. हे माझ्या अंगवळणी पडलेलं होतं. मी पहिलं पान सहीला ठेवलं आणि दुसरं फाइलीत लावलं, उद्या पाठवू म्हणून. उद्या बंगल्यांतून साहेबांना फोन सुरू झाले. कुणाचे वडील, कुणाच्या सासूबाई, कुणी स्वतःच, वय वर्षं अठ्ठेचाळीस पण फार दगदग असते. उरलेले तीनशे एकोणसत्तर डोस दोन दिवसांत संपले.

मधे काकांनी मला जिन्यात विचारलं होतं, ताईचं नाव आहे ना यादीत? मी म्हटलं, असणारच की, तिथेच तर राहतात. मी फाइल उघडून पाहिली नाही. फाइल माझ्या हातातच होती.

ताईला वाटलं, आपली पाळी नंतर येईल. तिने कुणाला विचारलं नाही. गाडी आली त्या दिवशी तिने लस टोचणाऱ्या नर्सबाईंसाठी वेगळं सूप केलं होतं.

आठवडाभराने तिला ताप आला. तिसऱ्या दिवशी दम लागायला लागला आणि तिला इस्पितळात हलवलं. तिथला विभाग शेजारच्या शहराकडून आलेल्या माहितीबरहुकूम भरला होता. सगळी म्हातारी माणसं, सगळ्यांचा डोस वर्षापूर्वीचा. ताईला खाट मिळाली ती कोपऱ्यातली, ऑक्सिजनची नळी शेजारच्या बाईंच्या डोक्यावरून ओढून आणलेली. आश्रमातले एकतीसच्या एकतीस जण ठीक होते. दोघांना खोकला झाला, तेवढाच. लस काम करते याचा एवढा स्वच्छ पुरावा आमच्या खात्याला कधी मिळाला नव्हता.

पाचव्या रात्री तिचा ऑक्सिजन खाली गेला आणि काकांना आत बोलावून घेतलं. मी बाहेरच्या बाकावर होतो. ते बाहेर आले तेव्हा मी त्यांना दुसऱ्या पानाचं सांगितलं. सगळं सांगितलं, जिन्यातलंही. मला वाटलं होतं ते मारतील. मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं, खोटं कशाला बोलू.

त्यांनी मास्कची दोरी बोटाला गुंडाळली. मग म्हणाले, “मी दोन वर्षं बोललो नाही. तुम्हाला काय बोलू.”

हे त्यांनी मला माफ करायला म्हटलं की काय, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. मी ते माफी म्हणून घेतलेलं नाही.

ताई वाचली. अकराव्या दिवशी तिला घरी सोडलं, काठी आणि गोळ्यांची पिशवी देऊन. दरम्यान आमच्या खात्याचा अहवाल वर गेला. त्यात ‘अभिनव प्रवाह-मापन पद्धतीमुळे टेकडी परिसरातील संभाव्य जीवितहानी पूर्णपणे टळली’ असं वाक्य होतं, आणि वाकून झाकणाखाली पाहणाऱ्या साहेबांचा फोटो होता. फोटोच्या कडेला लोखंडी आकड्यावर एक हात दिसतो, एकावर एक दोन मोजे घातलेला. तो काकांचा. नाव कुणाचं घालायचं हे मी साहेबांना विचारलं होतं. साहेब म्हणाले, एका पानात बसत नाही.

अहवालाला शाबासकी मिळाली आणि बैठकीत काकांना खुर्ची द्यायचं ठरलं. ती खिडकीजवळ ठेवली आहे, खिडकी उघडी.

ताई परत आल्यावर मधले दोन मंगळवार काका एकटेच वर जाऊन आले. तिसऱ्या मंगळवारी त्यांनी मला बरोबर घेतलं. मी नको म्हणत होतो. ताईसमोर उभं राहायचं मला धाडस होत नव्हतं. पण काका म्हणाले, तिला काही माहीत नाही आणि माहीत करून द्यायचंही नाही. नमुना घेताना झाकणाची कड निसटली होती आणि त्यांच्या शर्टावर कमरेपर्यंत घाण उडालेली होती. तसेच आम्ही चढ चढलो.

मागचं दार उघडं होतं. ताई शेगडीपाशी स्टुलावर बसून पातेल्यात ओगराळं फिरवत होती. दूध करपल्याचा वास मला अंगणातच आला होता. आत धूर दिसत होता. ती फिरवतच होती, शांतपणे, आणि मधेच चाखायला घेऊन परत ठेवत होती. मी पुढे होऊन शेगडी बंद केली. तिने माझ्याकडे पाहिलं, पातेल्यात पाहिलं, आणि पदराने डोळे पुसले. म्हणाली, धुराने चुरचुरतात.

काका दारात उभे होते. चपला काढल्या नव्हत्या, आत पाऊल टाकलं नव्हतं. ते थांबले होते. पाऊणशे पावलांवरून ज्यासाठी ओरडा बसायचा ते सगळं अंगावर घेऊन ते दारात थांबले होते, आणि ओरडा येत नव्हता.

ताई म्हणाली, “ये की आत. उभा का राहिलास?”

काका वळले आणि नळाकडे गेले. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. ताई तेवढ्यात करपलेलं पातेलं मोरीत ठेवून आली आणि दुसरं दूध तापायला ठेवलं. या वेळी ती भांड्यावर डोळे लावून बसली. काका ओल्या केसांनी, माझ्या पिशवीतला जास्तीचा शर्ट घालून दारात आले आणि म्हणाले, “आंघोळ केली, ताई.”

“मला काय सांगतोस,” ताई म्हणाली. “साबणाचा वास येतोय की मला.”

काकांनी मान हलवली आणि पाटावर बसले. मी हात धुवायला बाहेर गेलो. नळाशेजारची वाटी कोरडी होती. ताई आजारी पडल्यापासून त्या वाटीत कुणी साबण ठेवलाच नव्हता.